न धुतलेलं झबलं

रविवार, ९ ऑक्टोबर २००५

सगळ्यात आधी आली ती थॉर्नलीबाई. अजून खोकी दारात, माझे हात कणकेचे, निधीच्या डोक्याला फडकं बांधलेलं, आणि ही बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून थेट स्वयंपाकघरात! मागून तिची धाकटी बहीण, बिनलग्नाची, ती नुसती हसते. केक आणला होता, काळा, पाट्यासारखा जड. मला भारी आवडल्या दोघी. कॉव्हेंट्रीच्या फ्लॅटात महिनाभर होते, तर शेजारचं दार उघडलेलं कधी दिसलं नाही. इथे खेड्यात राहायला येतोय न येतोय तोच पाहुण्या! मी लेकाला, राजीवला म्हटलं, बघ, खेडं ते खेडं, तासगाव काय नि इंग्लंड काय.

ही वही निधीनं दिली. सून माझी गुणी आहे, फक्त चहा पाणचट करते. म्हणाली, आई, दिवसभर अन्वीशी बोलता, थोडं कागदाशी बोला. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी शेळ्यांमागे. पण बोलते तसं लिहायला काय लागतं? अन्वी माझी नात, नऊ महिन्यांची, रांगायला लागली की हाती लागत नाही. मी आले ती तिच्यासाठीच. निधीची रजा संपली. ती दोघं सकाळी गाडीनं कॉव्हेंट्रीला ऑफिसात, आणि घरात आम्ही दोघी राण्या.

तर थॉर्नलीबाई. घर तिचंच, आम्ही भाडेकरू. तिनं अन्वीला उचललं आणि टाळूचा वास घेतला, डोळे मिटून, आपण घेतो तसाच. मग बहिणीकडे दिलं, तिनंही घेतला. आणि मागितलं काय, तर अन्वीच्या अंगचं झबलं! तेही न धुतलेलं. मला सांगताना निधीनं नाक मुरडलं. त्यांचा कसलासा सीझन सुरू होताना गावात नव्यानं आलेल्या घरचं कापड घ्यायची पद्धत आहे म्हणे, लकी असतं. पण आई, हे वीअर्ड आहे, मी नाही म्हणते. मी म्हटलं, अगं वीअर्ड काय त्यात? आपल्यात पहिलं झबलं मागूनच आणतात की, धडधाकट पोराच्या अंगचं, जुनं. राजीवला मी शेजारच्या विष्णूचं घातलं होतं. यांच्या घरी कुणाला दिवस गेले असतील, लाजून सांगत नसतील. बाळाच्या कापडाला नाही म्हणू नये.

पिवळं झबलं आणलं, रात्री घातलेलं, दूध सांडलेलं. हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर चिमूटभर तांदूळ. कोरडं कसं द्यायचं? थॉर्नलीबाईनं ते हातात घेतलंच नाही, नुसती पिशवी उघडून धरली. स्वच्छतेचं फार बाई यांना.

बुधवार, १२ ऑक्टोबर. दसरा

राजीवनं आज रजा टाकली. दही टांगून श्रीखंड केलं, वेलची जरा जास्त पडली. दुपारी प्रॅममध्ये अन्वीला घालून गाव हिंडलो. गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक दुकान, तळं आणि झोपाळे. झोपाळ्यांच्या साखळ्या तेल घातलेल्या, चकचकीत, पण पोर एक नाही. शाळेच्या वेळेनंतरही नाही. दुकानातल्या बाईला राजीवनं विचारलं, तर ती म्हणाली, यंदा सगळ्यांनी मुलं आजोळी पाठवली, सीझन संपेपर्यंत. मग अन्वीकडे बघून तिनं मला बिस्किटांचा पुडा दिला आणि पैसे घेईना. माझा हात धरून बसली. मी म्हटलं, किती मायाळू!

संध्याकाळी थॉर्नलीसाहेब आले, लाल गालांचे. इथली पन्नासेक शिकारी कुत्री त्यांच्या ताब्यात. श्रीखंड तीनदा घेतलं. ते बोलत होते आणि राजीव मला मराठीत सांगत होता. गेल्या फेब्रुवारीत कायदा बदलला. कुत्र्यांनी कोल्हा मारायचा नाही, हरीण नाही, ससा नाही. सीझन मात्र होता तिथेच, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडतो. मग आता एक घोडेस्वार वासाचं फडकं दोरीनं ओढत पुढे जातो आणि कुत्री त्या वासामागे पळतात. राजीव म्हणाला, म्हणजे ड्रॅग अँड ड्रॉप! स्वतःच हसला. मग त्यानं विचारलं, पण वास संपतो तिथे कुत्र्यांना काय मिळतं?

साहेब चमचा चाटत राहिले. म्हणाले, तोच प्रश्न आहे सगळ्या गावापुढे.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

आज शिकारीची तालीम बघितली! मागच्या शेतातून गेली. आधी एक घोडा, त्याच्या मागे दोरी, दोरीला पिवळं फडकं. मी खिडकीतून अन्वीचा हात धरून टाटा केला. मग पितळी कर्णा वाजला आणि कुत्री आली, पांढरी-तपकिरी, नाकं जमिनीला, भुंकणं असं की घंटाच घंटा. इतक्यात झाडीतून कोल्हा निघाला. मला वाटलं, संपला बिचारा. तर तो कुत्र्यांच्या समोरून गेला, चालत! एका कुत्र्यानं मान वळवली नाही. कोल्हा मध्येच बसला आणि पाय चाटायला लागला.

भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं, ते फडकं आमचंच. गळ्याशी मी घातलेली लाल टीप दिसली होती. वाईट वाटलं हो. कुणाच्या बाळाला म्हणून दिलं, आणि चिखलातून ओढतात? संध्याकाळी निधी आल्यावर तिला सांगितलं तर ती ताडकन म्हणाली, आई, मी सांगत होते. मग झोपेपर्यंत बोलली नाही माझ्याशी. बोलेल. रागावली की तिचा चहा चांगला होतो.

शनिवार, २२ ऑक्टोबर

कुत्री दारात आली.

कुणी माणूस नाही, घोडा नाही. सकाळी पडदा सारला तर मागचं अंगण भरलेलं. सगळी बसलेली. भुंकणं नाही. निधी म्हणाली, सो क्यूट, आणि कॅमेरा आणायला पळाली. अन्वी रांगत काचेच्या दारापाशी गेली आणि तिनं काचेवर तळवा ठेवला. तो तळवा डावीकडे सरकला की सगळी नाकं डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. एकदम, सगळी. निधीच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. तिनं अन्वीला उचलून पोटाशी धरलं तेव्हा नाकं वर झाली.

मग थॉर्नलीबाईची बहीण आली, शीळ घालत. सॉरी म्हणाली. राजीवनं सांगितलं, ती म्हणतेय, किती लवकर शिकली बघा.

काय शिकली, ते राजीवनं विचारलं नाही. मीही राजीवला विचारलं नाही.

बुधवार, २६ ऑक्टोबर

घरात दोघीच होतो. अन्वीला बाहेर नेत नाही आता. भिंतीवर कोल्हा ऊन खात बसतो. खाली हरणं चरतात, पिल्लांसकट, खिडकीपर्यंत येतात. मी काठी आपटली, टाळ्या वाजवल्या, हलत नाहीत. ससे पायरीवर.

तासगावला धनगरांच्या मेंढ्या मी पाहिल्यात. कळपातल्या एकीला लांडग्यानं हेरलं की बाकीच्या थोड्या बाजूला होतात आणि चरायला लागतात. तसं बघतात ही जनावरं आमच्याकडे.

राजीवनं ऑफिसातल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, कापड ओढायला कायद्यात कुठे बंदी आहे? कोल्हा मेला का? मग तक्रार कसली?

मंगळवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

पणत्या लावत होते तर दोघी आल्या. पुन्हा केक. आणि झबल्याच्या बदल्यात नवं झबलं, पांढरं, लेसचं. निधीनं ते टेबलावरून उचललंच नाही. सरळ विचारलं तिनं, शेवटी कुत्र्यांना काय देता?

मला त्यांचं इंग्रजी कळत नाही, पण निधीचा चेहरा कळतो. मागाहून तिनं सांगितलं ते लिहिते. थॉर्नलीबाई म्हणाली, गेल्या तालमींत शेवटी मटण टाकलं, मेंढरं टाकली, कुत्री तोंड लावत नाहीत. वास एकाचा आणि मांस दुसऱ्याचं, हे त्यांना चालत नाही. अशी फसवली तर कुत्री बिघडतात, मग गोळी घालावी लागते. दोनशे वर्षांची पैदास आहे. आणि कायदा रानटी जनावरांबद्दल बोलतो, बाकी कशाबद्दल नाही.

हे सांगताना तिचे डोळे भरले होते म्हणे. कुत्र्यांसाठी.

जाताना दारात थांबून म्हणाली, बाळाला बागेत प्रॅममध्ये निजवत जा, हवा छान आहे. आम्ही सोमवारी येऊ.

बहीण हसली.

गुरुवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज

निधी रडते. राजीव म्हणतो, आई, विक्षिप्त म्हातारी माणसं आहेत गं, असलं कुणी करतं का? पण दाराला नवी कडी त्यानंच लावली, आणि रात्री सगळ्यांना एकाच खोलीत निजवून कॉट आमच्या मधे ओढली.

मी ठरवलंय. गाडीनं दोन तासांवर हाउन्सलोला रेखा आहे, माझी लेक. राजीवला म्हटलं, यंदा तूच जा बहिणीकडे ओवाळून घ्यायला, निधीला, अन्वीला ने, शनिवारी निघा. मी? माझे गुडघे धरलेत, गाडीत बसवत नाही.

गुडघे चांगले आहेत. वासाची वाट गाडीत तुटते. मोटारीमागे कुत्रं किती पळेल? पण घर रिकामं सापडलं तर— वास संपला की कुत्रं शोधत हिंडतं. वास सापडला की थांबतं. एवढं मला शेळ्यांमागे कळलं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

गेली. अन्वी खिडकीतून हात हलवत होती, हल्लीच शिकली. गावात फटाके वाजतायत, यांचा काही सण आहे.

कुत्री सकाळीच पुन्हा अंगणात आली होती, पण गाडीमागे गेली नाहीत. मी मोजत नाही पण— सगळी इथेच आहेत.

रविवार, ६ नोव्हेंबर

फोन केला. सांगितलं, अंगावर फोड आलेत, कांजिण्याच दिसतात, बाळाला अजिबात आणू नका. राजीव म्हणाला, मी एकटा येतो. म्हटलं, नको रे, तुलाही लागेल, ऑफिसला काय तोंड दाखवशील? थॉर्नलीबाई बघते माझं. निधीनं फोन घेतला. ओळखलंय तिनं. नुसतं म्हणाली, अहो आई— आणि मग अन्वीच्या कानाला लावला. ती हसली. अख्खं हसली, दोन दात वाजवून.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

सोमवार, ७ नोव्हेंबर

अंघोळ केली नाही. अन्वीची सगळी कापडं काढली, धुवायची टोपली उलटी केली. झबली, टोपडी, दुपटी, कॉटची चादर. कमरेला, गळ्याला, दंडाला, पदरात. तिचं तेल लावलं केसांना. आता माझ्या अंगाला माझाच वास येत नाही.

कर्णा वाजला.

शेतात घोडे. लाल कोट. गावातली सगळी माणसं आलीत, दुकानातली बाईपण. ती इकडे बघत नाही. कोल्हे कुंपणावर बसलेत ओळीनं.

दार उघडलंय मीच. तोडून आली तर कॉटकडे जातील, मग पुढे— नको. इथे पायरीवर बसून लिहिते. मांडीवर दुपटं. गाते थोडं, अन्वीला गाते तसं, म्हणजे त्यांना—

नाकं खाली. आता वर.

थॉर्नलीबाई पुढे आहे, टोपी काढून. तिला वाटलं नव्हतं मी— बघू दे. सोमवारी येऊ म्हणाली होती, आज सोम