बेरिकपुढचं तिकीट

प्रिय केरेन्सा,

सगळं ठीक आहे, कुणी आजारी नाही, हे आधीच सांगते. माझं पत्र दिसलं की तू आधी वाईटच धरून चालतेस, हे मला माहीत आहे. फोन करणारच होते, पण आनंदात माझा आवाज चढतो आणि भिंतीपलीकडे तुझे बाबा असतात. शिवाय ही बातमी मला चवीचवीने सांगायची आहे.

तुझे बाबा संगणकावर रेल्वेची तिकिटं काढायला लागले आहेत. हो, तेच बाबा, ज्यांनी दुकानातल्या कार्डाच्या यंत्रावर कित्येक महिने भांडी पुसायचं फडकं टाकून ठेवलं होतं! दर गुरुवारी ते पबात पत्ते खेळायला म्हणून जायचे. एकदा पबची मालकीण मला बाजारात भेटली आणि तुमचा डेन्झिल हल्ली फिरकत का नाही म्हणून चौकशी करू लागली. माझ्या मनात नाही नाही ते आलं. पुढच्या गुरुवारी मी सरळ मागोमाग गेले, तर स्वारी ग्रंथालयात, मॉर्वेनाच्या संगणकाच्या वर्गात पहिल्या बाकावर! मॉर्वेना म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेली ती उंच बाई, तुला आठवत असेल. मी दिसताच त्यांचे कान लाल झाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. तुला हे माहीत होतं का, की आपल्या पेन्झान्सहून लांबचं एकच तिकीट काढलं तर डोळे पांढरे होतात, पण तोच प्रवास तुकडे करून काढला, इथून प्लिमथ, प्लिमथहून ब्रिस्टल, तर बेरीज कितीतरी कमी येते? गाडी तीच, डबा तोच. अट एवढीच, की तिकीट जिथे तोडलं त्या स्टेशनावर गाडी थांबायला हवी. बाबा म्हणतात, असा कारभार मी दुकानात केला असता, सारण भरलेली अख्खी पॅस्टी महाग आणि चिरून दिलेली स्वस्त, तर गावाने मला वेड्यात काढलं असतं. पण म्हणताना हसतात. मनासारखे तुकडे जमले की टेबलावर थाप मारून मला हाक मारतात, मग चुलीवर काही का असेना, जावंच लागतं.

सरावासाठी आम्ही प्लिमथला निघालो आणि काय फजिती झाली म्हणून सांगू! तिकीट वाटेतल्या ट्रुरोला तोडलं होतं. ट्रुरो आलं तशी बाबांनी माझी पिशवी उचलली, आपलं तिकीट संपलं म्हणाले, आणि आम्ही दोघं फलाटावर उतरलो. पुढचं तिकीट हातात घेऊन पुन्हा चढायचं, असा त्यांचा प्रामाणिक हिशेब. चढेपर्यंत दारं बंद. त्याच गाडीचं तिकीट असल्याने ते वाया गेलं. बाकावर बसून आम्ही डब्यातल्या पॅस्टी खाल्ल्या आणि परतीच्या गाडीने घरी आलो. जागेवरून हलायचंच नसतं, हे मॉर्वेनाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली.

मग त्यांनी ते दोघांचं सवलतीचं कार्ड काढलं. त्यावर दोघांचे फोटो असतात आणि दोघं बरोबर असलो तरच सूट मिळते. फोटोसाठी बाबांनी टाय बांधला, केरेन्सा. ज्येष्ठांचं कार्ड ज्याचं त्याने वेगळं घेऊ, एकट्याला कुठे जायचं झालं तर बरं, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी मान हलवली. दोघांत एकच कार्ड स्वस्त पडतं, म्हणाले. मी मनात म्हटलं, कंजूष तो कंजूषच.

काल चहाच्या डब्यामागे तिकिटं सापडली. प्लिमथ, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, यॉर्क, बेरिक. पुढच्या महिन्यातला शनिवार, कारण आपलं कार्ड कामाच्या दिवशी सकाळच्या गाड्यांना चालत नाही. मी ती टेबलावर ओळीने मांडली. ती गाडी कुठे जाते, हे मला कळत नाही का? घाईघाईने मी शेवटचा तुकडा शोधला, बेरिकहून तुझ्या एडिंबरोचा. तो नव्हता. म्हटलं, झाली पुन्हा ट्रुरोसारखी चूक.

ते दुकानात होते, पॅस्टीच्या कडेला मुरड घालत. मी तिकिटं पुढे धरली. वर न बघता म्हणाले, "बेरिकपुढचं, ती 'या' म्हणाली की काढीन."

"आणि नाही म्हणाली तर?"

"बेरिकलाही समुद्र आहे म्हणे. बघू, चहा पिऊ, परत येऊ."

दुकान नको, मला शिकवायचं आहे, असं सांगून तू निघालीस, तेव्हा 'गेलीस तर परत येऊ नकोस' म्हणणारा हाच माणूस. मुरड घालणारा त्यांचा हात मात्र थांबला होता. मला रडू आलं, त्यांना ते दिसू नये म्हणून मी भट्टीचं दार उघडून उगाच आत पाहिलं. इतकी वर्षं तू फोनवर म्हणायचीस, तिकीट फार महाग आहे गं आई, आणि मीही शेजारीपाजारी तेच सांगायचे. आपल्या दोघींची ती सबब या माणसाने एकेका गुरुवारी बसून मोडून टाकली.

पण तुला विचारायचं धाडस काही त्यांना होत नाही. फोन उचलतात आणि पुन्हा खाली ठेवतात. मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही, म्हणून मीच विचारते. येऊ का आम्ही? उत्तर मला देऊ नकोस, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्यांना फोन कर. 'या' एवढंच म्हण, पुढचं तिकीट काढायला त्यांना आता येतं. मला बेरिकचा समुद्र बघायचा नाही, बाळा. समुद्र इथे दारातच आहे.

खिडकीकडची जागा आधीच मागून बसलेली,
तुझीच आई