आधी तिचं, मग तुझं

बाई, शाळा केव्हाच सुटली, पण मी वर्गातच बसून तुम्हाला लिहिते आहे. बाकं अजून गोलात मांडलेली आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः निवृत्तीला आले, तरी नववीच्या मुलींचा चर्चेचा तास मी तुमच्याच पद्धतीनं घेते. निदान घेत होते. आज हे सगळं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला इथून उठवतच नाही.

तुमचा नियम एकच होता. आधी तिचं, मग तुझं. ज्या मुलीला बोलायचं असेल तिनं आधीची मुलगी काय म्हणाली ते सांगायचं, आणि ती ‘हो, हेच म्हणाले मी’ असं म्हणेपर्यंत आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. मी आठवीत, मुलखाची वाचाळ. घरातली कामं कुणी करायची यावर चर्चा चालली आहे, शेवटच्या बाकावरची एक मुलगी काहीतरी सांगते आणि तिचं संपायच्या आत मी उभी. तुम्ही विचारता, "ती काय बोलली?" मला सांगता येत नाही. "अगं, तुला तर फक्त आपली बारी दिसते. आता आठ दिवस चूप बैस. नुसतं ऐक." इतका राग आला होता तुमचा! आठ दिवस संपले तशी तरातरा नई सडकेवरच्या तुमच्या घरी आले, भांडायलाच. तुम्ही पोळ्या लाटत होतात, पाठ माझ्याकडे. मी बोलत सुटले आणि तुमचं लाटणं काही थांबेना. मला वाटलं, या ऐकतच नाहीत. शेवटची पोळी उतरवून तुम्ही वळलात आणि माझं सगळं रडगाणं मला जसंच्या तसं ऐकवलंत, मध्येच मी पुटपुटलेलं ‘घरी माझं कोणी ऐकत नाही’ हेसुद्धा. मग गरम पोळीवर तूप-गूळ घालून हातात दिलीत. त्या पोळीमुळे मी शिक्षिका झाले, असं आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.

आता माझ्या या हिंदी शाळेतल्या वर्गाचं ऐका. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्याकडे तपासणीला एक साहेब आले. त्यांना चर्चेचा तास बघायचा होता. प्राचार्यांनी आदल्या दिवशी बजावलं, "मैडम, हर बच्ची बोले, चालीस मिनट के अंदर।" आणि बाई, मी तुमचा नियम त्या दिवसापुरता काढून टाकला. प्रत्येकीचं दोनदा ऐकत बसलं तर वेळ कसा पुरणार? विषय होता, घरात निर्णय कोण घेतं. हात वर होत होते, मी एकीकडून दुसरीकडे धावत होते, डोळा मात्र मागे बसलेल्या साहेबांच्या वहीवर. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या दिवशी उभी राहिली आणि बोलली. ती बोलली याचाच मला केवढा आनंद झाला! मी म्हटलं, "शाबाश! नेक्स्ट?" साहेब खूश होऊन गेले.

सुट्टी संपली, ती आली नाही. आठवडाभर वाट पाहून मी मुलींना विचारलं, तर तिच्या शेजारी बसणारी माझ्याकडे बघतच राहिली. "मैडम, उसने तो बताया था। उस दिन, सबके सामने। हमें लगा आपने सुन लिया।" काय बताया था? त्या पोरीनं उभं राहून एका दमात म्हणून दाखवलं, आपल्या नियमाप्रमाणे, शब्द न् शब्द: "मेरे घर में फ़ैसला हो गया है। दिवाली पर गाँव ले जाकर मेरी शादी कर देंगे। कोई बड़ा आकर मना करे तो शायद मान जाएँ।" मी तास तसाच सोडून तिच्या घराकडे निघाले.

इंदरगंजच्या मागे त्यांची भाड्याची खोली होती, तिला कुलूप आहे. घरमालक म्हणतो, सोडून गेले. वडिलांचा फोन बंद. पोलीस चौकीत गेले, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला; सगळे एकच विचारतात, गाँव कौन सा? शाळेच्या रजिस्टरात इथलाच पत्ता, मुलींनाही ठाऊक नाही. त्या दिवशी नियम पाळला असता तर पुढच्या मुलीनं तिचं बोलणं परत सांगितलं असतं, मी थांबले असते, विचारलं असतं, कोणतं गाव गं? तिनं सांगितलं असतं. मी रोज तो बंद फोन लावते. काय करू, सांगा ना बाई. कुठे जाऊ? कुणाच्या दारात उभी राहू?

तुमच्या त्या घराच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे, तेव्हा हे पत्र घडी घालून माझ्याच टेबलाच्या खणात राहील. पण एक गोष्ट तुमच्यापाशी तरी खरी सांगते. प्राचार्यांना आणि पोलिसांना मी म्हटलं, की ती फारच हळू बोलली, कुणाला नीट ऐकू गेलं नाही. तसं नव्हतं. ती स्वच्छ, मोठ्यानं बोलली होती, बाई, आणि माझ्याकडे बघून बोलली होती.