काहून आला गा?

बुधवार, १४ मे

ताईनं बाहेरून कडी लावली. मीच म्हटलं होतं — लाव! नाहीतर मी टिकत नाही. आता ती दवाखान्यात ड्युटीवर, अन् खोलीत मी, लॅपटॉप, कूलर.

मी स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम उठते, घड्याळ दाखवते, कीबोर्ड ओळखते. पहिला प्रोग्राम चालू केला की मरते. प्रोग्रामनं परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला की अडवायचं, हे मीच तिला शिकवलं. अडवलं की पडद्यावर माझाच मेसेज येतो — 'काहून आला गा?' लिहिताना लय हसलो होतो. पण आता अडवते ती जागा तर प्रोग्रामचीच आहे! मीच दिली.

रविवारी धरमपेठेतल्या एका ऑफिसात नोकरीसाठी चालवून दाखवायचंय. ताई म्हणते, "नाही चाललं तं सोमवारी मामासंग मौद्याले, प्लांटवर कामाले. आयटीआय सोडलं, मोबाइलचं दुकान सोडलं, पेंचचं रिसॉर्ट सोडलं. आता काय सोडतं?"

गुरुवार, १५ मे

काहून आला गा. काहून आला गा.

दुपारभर खिडकीतून कबुतराचं घरटं पाहिलं. मग कूलरचा पंप खोलला. तो मस्त दुरुस्त झाला!

शुक्रवार, १६ मे

मेमरीचं ते पान, म्हणजे प्रोग्रामची ती जागा, त्याला खुली आहे. साफ लिहिलंय. कितीदा तपासू? तरी आत पाय ठेवला की खलास.

डोकं भणाणलं. कडी नसती तर आत्ता मी गावाकडे, पारशिवनीच्या बसमध्ये असतो. खरंच.

शनिवार, १७ मे

खाली पार्सलवाला बोंबलत होता. बाजूच्या खोलीतली भूमिका वरूनच — "या न भाऊ वर, दार उघडंच आहे!"

"तुमचं दार उघडं आहे ताई, पण फाटकाले कुलूप आहे! उडून येऊ का?"

घरमालकीण मीराबाई किल्ली घेऊन आल्या, दोघांना बोलत बोलत. मी हसलो. मग हसू थांबलं.

फाटक!

त्या पानाचा पत्ता शोधत जायला एकामागे एक चार तक्ते लागतात, प्रत्येकावर कोणाला सोडायचं ते लिहिलेलं. मी परवानगी दिली ती फक्त शेवटच्या तक्त्यात, म्हणजे दाराला. वरच्या तीन फाटकांवर 'फक्त सिस्टीम' तसंच लिहिलेलं! एकानंही नाही म्हटलं की संपलं. तिन्ही खुली केली. चालू केलं.

प्रोग्रामची ओळ आली — 'आलो ना गा!'

असा ओरडलो की भूमिकानं भिंत बडवली. "काय झालं गा, करंट लागला काय?"

रविवार, १८ मे

दाखवून आलो. उद्यापासून ये म्हणाले!

ताईला म्हटलं, आता कडी नको लावत जाऊ.

"कोणती कडी? तिचा कोयंडा तं होळीतच तुटला. मी नुसती वाजवून जात होती."

एकदाही ढकलून पाहिलं नाही मी.