आवाज हवा, धूर नको

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं वजन उतरलं, की अजून दोष काट्याचाच आहे? इकडे सगळे ठणठणीत. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस माझ्या देखरेखीखाली उत्तम पार पडला. तुला रजा मिळाली नाही म्हणून हा सविस्तर वृत्तांत. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्ये मध्ये हसतेस आणि मुद्दा राहून जातो.

बाबांनी उभा जन्म दगडखाणीत सुरुंग लावण्यात घालवला आणि कान तिथेच ठेवून आले, हे तुला काय सांगायचं! श्रवणयंत्र हल्ली कपाटात असतं (त्यातून फक्त तुझ्या वहिनीचाच आवाज येतो, अशी त्यांची तक्रार). बोललेलं ऐकू येत नाही, पण कुठे धडाम् झालं की चेहरा कसा उजळतो! उलट आईचा दमा. मागे समोरच्या घरात कुणाला तरी नोकरी लागली, त्यांनी फटाक्यांची माळ लावली आणि आम्ही आईला घेऊन दवाखाना गाठला. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्या समारंभात फटाका नाही म्हणजे नाही. तसं जाहीरही केलं. बाबांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि म्हणाले, "मग समारंभ कशाला? दोन मिनिटं शांत उभे राहू आणि आपापल्या घरी जाऊ." एवढं बोलून खोलीत गेले ते गेलेच. मी येणार नाही, असंही आतून कळवलं. काढून ठेवलेले नवे कपडे आईनं पुन्हा घडी घालून कपाटात ठेवले. ते मला बघवलं नाही ताई.

पण मी हात टेकणारा माणूस नव्हे. रोज बिघडलेल्या फ्रिजांतून थंडी काढतो, तर मला थोडासा आनंद काढता येणार नाही? फटाक्यांऐवजी पहिला प्रयोग साबणाच्या फुग्यांचा केला. टेबलफॅनपुढे तारेची कडी फिरत राहतील अशी जोडणी केली आणि चाचणी जिन्यात घेतली (घरात घ्यायची नाही, असा तुझ्या वहिनीचा हुकूम होता). फुगे अप्रतिम आले. फक्त फुग्यांतला साबण नंतर पायऱ्यांवर उतरतो, हे खालच्या मजल्यावरच्या कॅशियरसाहेबांनी स्वतः उतरून सिद्ध केलं. फार वेगानं उतरले. त्यांना उचलताना माझी कंबर गेली, त्यांना मात्र काही झालं नाही. जगात न्याय तसा कमीच.

दुसरा प्रयोग वाळलेल्या पाकळ्यांचा. केर ओढायचं यंत्र उलटं चालवलं तर ते पाकळ्या उधळेल, हा हिशेब आजही बरोबर आहे. पण यंत्राच्या पोटात आधीचा केर होता आणि तो रांगेत पुढे होता. बैठकीची खोली करडी झाली, पाहुणी आलेली माझी मेव्हणी करडी झाली आणि आईला खोकल्याची उबळ आली. धूर नको म्हणून निघालेला मी, धूळ घेऊन आलो! तुझ्या वहिनीनं यंत्राची वायर काढून स्वतःच्या उशाखाली ठेवली. त्यावर मी वाद घातला नाही.

तिसरी युक्ती मात्र नामी. समारंभाच्या सभागृहात मी आरशांचे तुकडे दोऱ्यांना टांगले आणि त्यांवर रंगीत काचा लावलेल्या बॅटऱ्यांचे झोत सोडले. छतभर लाल-हिरव्या ठिणग्या धावायला लागल्या. लोक अगदी मनापासून वा वा म्हणाले (मी प्रत्येकाला विचारून खात्री केली). बाबाही आले. तुझ्या वहिनीनं त्यांना पाटीवर 'केक आहे' एवढंच लिहून दाखवलं होतं. निषेध म्हणून खाणीतला जुना खाकी सदरा घालून आले. छताकडे बघून सभ्यपणे मान हलवली आणि परक्याच्या घरी बसल्यासारखे घड्याळाकडे बघत बसले.

आई हे सगळं पाहत होती. बेकरीवाल्यानं केकबरोबर पाव पाठवले होते, त्यांच्या रिकाम्या कागदी पिशव्या टेबलावर पडल्या होत्या. तिनं एक उचलली, झटकली आणि फुंकायला लागली. डॉक्टरांनी तिला फुंकण्याचा व्यायाम दिलाय आणि ती तो रोज टाळते, हे तुला माहीत आहे. मी धावलो, तर तिनं मला कोपरानं बाजूला सारलं. थांबत, दम घेत, गाल लाल होईपर्यंत फुंकत राहिली. मग पिशवीचं तोंड आवळून बाबांच्या खुर्चीमागे गेली आणि सगळा जीव एकवटून हात मारला.

धाड!

बाबा वळले. दचकले नाहीत ताई, वळले. त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "सुरुंग कुणी लावला?"

आई ओठ ठळक हलवत म्हणाली, "मी."

"धूर?"

"नाही."

बाबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग टेबलाकडे बघून म्हणाले, "आणखी आहेत का?"

बेकरीवाला पाहुण्यांतच होता, त्यानं दुकानातून पिशव्यांचा गठ्ठाच आणला. बाबांनी पाहुण्यांना भिंतीलगत रांगेत उभं केलं, "मागं व्हा!" असं ओरडले आणि हात उंचावून एकेकाला इशारा करत गेले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत असा बार उठत गेला की सांगता सोय नाही. कॅशियरसाहेबांनी तर दोन्ही हातांनी वाजवल्या. आई हसत होती आणि तिला खोकला येत नव्हता. माझ्या डोळ्यांत त्याच वेळी नेमका त्या यंत्रातला केर गेला, म्हणून पुढचं नीट दिसलं नाही.

तर असा माझा बेत शंभर टक्के यशस्वी झाला. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. १ : बाबा आता रोज पहाटे एक पिशवी फोडतात. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई परवा पलंगावरून खाली आल्या. तेव्हा बाबांना महिनाभर तुझ्याकडे ठेवशील का? खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता.क. २ : चौकशीअंती कळलं की पिशव्या फुगवून देणारी आई आहे. दोघांनाही पाठवतो.

ता.क. ३ : (हे वहिनीच्या हातचं.) ताई, यांचं काही मनावर घेऊ नका. डॉक्टर म्हणतात, रोज फुंकून फुंकून आईंचा दम वाढलाय. दोघं इथेच राहतील. पाठवायचंच झालं तर यांना पाठवते, फुग्यांच्या मशीनसकट.