बंद गिरणी, अर्धी गोळी

९ जुलै ९८, गुरुवार
शहापूरला जाऊन आले. मुरबाडहून जीप, आत माणसं, टपावर माणसं. मनाचे डॉक्टर दर गुरुवारी कल्याणहून येतात, हे आमच्या नर्सबाईंनी सांगितलेलं. गावात सांगितलंय दात दाखवायला गेले. वेड्यांचा डॉक्टर म्हटलं की झालं, पाणवठ्यावर महिनाभर तेच.

डॉ.नी सगळं ऐकून घेतलं. माझी नणंद शेवंता नवऱ्यामागे माहेरी आली ती आमची गिरणी सांभाळायला लागली. चैत्रात तिचा पदर पट्ट्यात अडकला नि ती गेली. तेव्हापासून गिरणीला कुलूप आहे. तरी दुपारी मला गिरणी चालू झाल्याचा आवाज येतो. इंजिनच्या धुराड्यावर तिनेच पत्र्याचा डबा बसवला होता. कुक् कुक् वाजायचा. तो ऐकून बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. तोच आवाज. मग छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरते असं वाटतं.

डॉ. म्हणाले, हा घाबरण्याचा आजार आहे, वेड नाही. तिथंच रडले मी.

सकाळची एक गोळी, ती सावकाश लागू पडते. तोवर थोडे आठवडे रात्री घबराटीची अर्धी. यंत्रावर काम करता का? म्हटलं गिरणी बंद आहे. अर्धी चालू असेतो बंदच ठेवा म्हणाले, झापड येते. ताडी-दारू नाही. (मला विचारतात! विचारायचं तर आमच्या ह्यांना.) दुसऱ्याला द्यायची नाही. आपल्या मनाने वाढवायची नाही, सोडायचीही नाही. झोप, भीती, आवाज रोज लिहून ठेवा. म्हणून ही पोराची उरलेली वही.

१२ जुलै
झोप लागली. सकाळी डोकं जड, दूध उतू गेलं. एरवी ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. शे. गेल्यापासून बोलतच नाहीत. बहीण गेली नि नवऱ्याची वाचाही घेऊन गेली.
आ. नाही. (आ. म्हणजे तो आवाज. पुरता लिहायला नको वाटतं.)

६ ऑगस्ट, गुरुवार
भाताची आवणी चालू. शहापूर राहिलं. मुरबाडच्या मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवरच पाकीट दिलं, वर म्हणाला, कशाला हेलपाटा घालता एवढ्यासाठी. बरं झालं.
शेजारच्या येसूआजीला कुठून कळलं देव जाणे. "तुझी ती झोपेची एक मला दे गो, गुडघं ठणकतान." नाही म्हटलं तर तोंड वाकडं करून गेली. आता चार घरी माझा कंजूषपणा सांगेल. सांगू दे.

३० ऑगस्ट
हे ताडी पिऊन आले. दारातच, "मला पण दे एक. मला नाय झोप लागत." म्हटलं, "तुमी पिऊन आलाव. तुमाला नाय देणार." भांडतील वाटलं. उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. तिच्या चितेपाशी रडले नव्हते. मीही रडले. पाकीट तांदळाच्या कणगीत लपवलं.

१८ सप्टें.
बाया विचारायला लागल्या, गिरणी कधी चालू करतेस? दिवाळी तोंडावर आली. चकलीची भाजणी घेऊन पुढच्या गावाला चालत जायचं का? खरं आहे त्यांचं. दिवाळीत शे.ला जेवायला फुरसत नसायची. तिच्या गिरणीत कोळी जाळी करतायत, ते मला बघवत नाही. मला ती चालू करायचीय. मीच करणार. पण अर्धी चालू असेतो यंत्र नाही. मग अर्धीच बंद केली तर? आ. तर दोन महिने नाही.

२१ सप्टें.
घट बसले. नऊ दिवस उपास. आजपासून गोळीही नाही. देवीच्या दिवसांत कसल्या गोळ्या घ्यायच्या. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची नि गिरणी चालू. ह्यांना सांगितलं नाही.

२३ सप्टें.
अक्षर लागत नाही, हात कापतो. दोन रात्री डोळा नाही. घामाने पोलकं भिजतंय. ताटाचा आवाज डोक्यात जातो. आणि आ. दुपारी पण, सकाळी पण. दूर नाही, परसात. मधेच थांबतो, शे. पट्टा चढवताना थांबायचा तसा, आणि परत. आरतीत माझ्याकडे बघून बाया म्हणाल्या अंगात आलं. कुणी ओटीसुद्धा भरली. देवी नाही गो ही. मला माहीत आहे कोण आहे ती

२४ सप्टें., गुरुवार
ह्यांनी जीपमध्ये घालून शहापूरला नेलं. स्वतःहून. डॉ. पहिल्यांदा चिडले. जुन्या चिठ्ठीवर इतके दिवस घेतली, आणि एकदम सोडली. दोन्ही चूक. फिट आली असती म्हणाले, जीवावर बेतलं असतं. परत अर्धी. थोड्या दिवसांनी पाव. मग दिवसाआड. दर वेळी विचारून.

मला ते गिरणीवरून कळलं. दाणे असताना शे. कधी इंजिन बंद करायची नाही. आधी वरचा ओघ थांबवायची, दगड रिकामे फिरू द्यायची, मग हळूहळू बंद. एकदम बंद केलीस तर परत चालू करताना गिरणी तुला खाईल वैनी, म्हणायची. हे डॉ.ना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर, असंच.

मग ह्यांना आत बोलावलं. कितीतरी वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. आज ताडी नाही प्यायले.

१९ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
गिरणी बंदच. बाया पुढच्या गावाला जाऊन भाजणी दळून आल्या. तिथली लाइटवरची आहे, नुसती घरघरते. मी चकल्या केल्या नाहीत. हे गिरणीत दिवा लावून आले. येताना धुराड्यावरचा डबा काढून आणला, माळ्यावर टाकला. म्हणाले, "तुला ऐकू येतंय ना, म्हणून काढला." जेवताना चांगले दोन घास जास्त वाढले.

८ डिसें.
पाव. विळीने कापताना भुगा होतो, जिभेला कडू लागते. झोप कमी, पण सकाळी डोकं मोकळं असतं. आ. एकदाच, लांबून. डॉ.नी शिकवलं तसे सावकाश श्वास घेतले. गेला.

१४ जाने. ९९, संक्रांत. गुरुवार
रात्रीची गोळी बंद. या खेपेला डॉ.नी केली, मी नाही. सकाळची चालू राहील. पुढच्या गुरुवारपर्यंत बघू, बरं असेल तर गिरणी चालू करा म्हणाले. तिळगूळ दिला त्यांना. हे येताना नवा पट्टा बघून आले.

२० जाने., बुधवार
घडलं तसं लिहिते. फिरवून लिहीत नाही.

हे मुरबाडला पट्टा आणायला गेलेले. दुपारी भांडी घासून बसले होते. कुक् कुक्. पुरता लिहिते आज. कुक् कुक् कुक्. घाबरले, पण मागच्यासारखं नाही. श्वास घेतले. मोजले. थांबला नाही. कणगीत उरलेलं पाकीट आठवलं. डॉ.ना विचारल्याशिवाय नाही, असं मोठ्याने म्हटलं. मग थांबला.

तेवढ्यात अंगणात येसूआजी. डोक्यावर दळणाचा डबा. धापा टाकत होती.

"चालू केलीस ना गो? आवाज आला म्हनून आले."

तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. गिरणीपाशी गेले. कुलूप तसंच, गंज धरलेलं. घरात येऊन माळ्यावर चढून बघितलं, डबा माळ्यावरच. येसूआजी विचारते आहे, "मंग दळतेस ना?" तिला काय सांगू. किल्ली माझ्या कमरेला आहे. आत जाऊन इंजिनला हात लावून बघितला नाही. हे आले की दोघं जाऊ.

उद्या गुरुवार. डॉ. पहिला प्रश्न तोच करतील, आवाज येतो का. मला येतो सांगू, की आम्हाला?