बाबांच्या दाढेबद्दल दुरुस्ती

फुलसावंगी, शनिवार

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवरच विचारलं असतं, पण आमच्या घरात एकाचा फोन सगळे ऐकतात.

मागच्या पत्रात एक चूक झाली. जीप खड्ड्यात आदळून बाबांची दाढ तुटली, असं मी लिहिलं. ते खरं नाही. तेव्हा बाबा शेजारी बसून सांगत होते. (आत्ता न्हाव्याकडे गेलेत, सुजलेल्या गालावर तो वस्तरा कसा फिरवणार, देव जाणे.) दाढ त्यांच्याच हातच्या रोडग्यानं तुटली. शाळेत जायच्या आधी तूच मला पाटीवर लिहायला शिकवलंस आणि खोटं वाक्य दिसलं की पुसायला लावलंस, म्हणून चैन पडेना.

कापूस वेचून झाला की जंगलातल्या देवीला आपल्या रोडग्यांचा नैवेद्य असतोच. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. यंदा तुझ्या अक्षयदादानं तंबू आणले. शहरातले लोक पैसे देऊन असे राहतात म्हणे. दोन रात्री राहायचं ठरलं, जीप परत गेली, मोबाइलला रेंज नाही. मी औषधाचा डबा भरला होता : विंचू, जुलाब, ऊन, ताप (आणि अस्वलासाठी शिट्टी). दात मात्र सुचलाच नाही.

बाबांनी रोडग्यांसाठी कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात पुरले आणि दादाला तंबू उभारू लागायला गेले. तंबू तीनदा पडला. तोवर रोडगे आरातच. दादा म्हणाला, "मामा, हा रोडगा हाये का क्रिकेटचा बॉल?" आता रोडगा कुस्करून वरण-तुपात भिजवून खायचा असतो, हे बाबांनीच मला शिकवलेलं. पण ते म्हणाले, "दात असले का सारं खाता येते," आणि अख्खा चावला. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाबा म्हणाले, "खडा होता."

लवंग हवी होती. आईनं सगळ्या लवंगा वांग्याच्या भाजीत टाकलेल्या. मी चमच्यानं एकेक शोधून, धुऊन बाबांना दिली. (तिखट राहिलंच.) दादा तंबूच्या खुंट्यांची पक्कड घेऊन आला, तेव्हा बाबा देवीच्या मागे जाऊन बसले. जीप ठरल्या दिवशीच आली. तोवर मिठाच्या गुळण्या आणि जबड्याला दुपट्टा.

आता गाल रोज वाढतो आहे, अंगात ताप आहे, पेजेवर दिवस चाललेत, आणि "कायले जाऊ? उतरून राह्यली ना सूज," हे बाबांचं ऐकून मी थकले आहे.

तुझी,
प्रेरणा

ता. क. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा तूच सांगितलेली गोष्ट सांगतात : तुझी दाढ काढताना डॉक्टरनं छातीवर गुडघा टेकवला आणि कंपाउंडरनं पाय धरले. आई म्हणते, त्या दिवशी दवाखान्यातून येताना तू एसटीत बसून मेथीसुद्धा निवडलीस. मी माझी चूक दुरुस्त केली. तूही फोन करून तुझी करशील का? ते फक्त मोठ्या बहिणीचं ऐकतात. शेजारची पुष्पाताई उद्या तुझ्या गावी, बोरी अरबला येते आहे, पत्र तिच्याच हाती देते.

आणखी एक. गुडघा खरंच टेकवला असेल, तर तेवढं सांगू नकोस. हे वाक्य मला पुसवत नाही. वाचून झालं की तूच पुस. मंगळवारी पहिल्या एसटीनं मी बाबांना यवतमाळला नेणार आहे.