गादीतली मधली जागा

१४ जून १९९८, लातूर

आलो बाई एकदाचे. देगलूरपासून मांडीवर स्टोव्ह घेऊन बसले होते, उतरताना पाय कुणाचे ते कळेना. ह्यांना पोस्टातून एकाच दिवसाची रजा. सामान लावून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना बजावून गेले, की पोरीच्या अभ्यासात लुडबुड करू नकोस. जशी काही मी इथं फुगड्या घालायला आलेय.

खोली छान आहे. स्वतंत्र दार, मोरी, पूर्वेची खिडकी. धम्माला (पूर्ण नाव धम्मप्रिया, पण एवढं मोठं नाव हाक मारायला कुणाला वेळ आहे) पहाटेच्या बॅचला प्रवेश मिळाला. तिला डॉक्टर व्हायचंय. आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी झालेलं नाही. म्हणून मी शिलाई मशीन झाकून ठेवून भाकरी थापायला आलेय. गल्लीत सगळ्या माझ्यासारख्याच. नळावर कुणी नाव विचारत नाही, तुमची पोरगी कोणत्या क्लासला एवढंच विचारतात.

घरमालकीण सरजाबाई म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत. भूकंपात गाव गेलं, मग इथं घर बांधलं. खोल्या आम्हाला दिल्या आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली बाज टाकून झोपतात. म्हणाल्या, छताखाली डोळा लागत न्हाई बाई. स्वभावानं लोण्यासारख्या.

२१ जून

धम्मासाठी गादी करून घेतली. फरशीवर झोपून पोरीची पाठ धरली होती. खाजामियाँ पिंजारी पिंजण घेऊन अंगणातच बसले. दोघींना पुरेल एवढी रुंद सांगितली, म्हणजे पुस्तकं पसरून अभ्यास होईल. मुरुडहून मागवलेला कापूस थोडा कमी पडला. सरजाबाईंनी आतून एक बोचकं आणून दिलं. नव्यात जुना कापूस मिसळावाच लागतो म्हणाल्या, नाहीतर गादी नुसती फुगते, बसत नाही. हे खरंच आहे. माझी आईही तसंच करायची.

खाजामियाँनी बोचक्यावर हात ठेवून विचारलं, ही रुई कुणाची? बाहेरची रुई मी घरच्या गादीत मिळवत न्हाई. सरजाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, घरचीच आहे. एका छपराखाली राहतो म्हणजे घरचीच की. मियाँनी मान हलवली आणि पिंजायला घेतलं.

२९ जून

नवी गादी म्हणजे नवी सून, सुरुवातीला फार सांभाळावी लागते. रोज उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, डोक्याची बाजू पायाकडं फिरवायची. मी स्वतः खोळ शिवली. धम्मा क्लासहून येऊन जेवली की भिंतीकडच्या बाजूला आडवी होते आणि दुपारभर ढाराढूर झोपते. सरजाबाई त्या वेळेला दारात येऊन बसतात. गादीवरून हात फिरवतात. एकटं माणूस, माया लावतंय, लावू द्या.

१० जुलै

गादी विचित्र बसतेय. धम्मा भिंतीकडं झोपते, तिथं तिच्या अंगाचा खोलवा पडलाय. ते ठीक. पण मध्ये आणखी एक खोलवा आहे. लहान. चार-पाच वर्षांचं पोर कुशीवर झोपावं तेवढा. अलीकडची कड मात्र पहिल्या दिवसासारखी फुगलेली, मी खाली चटईवरच निजते ना.

धम्माला विचारलं, मध्ये दप्तर ठेवतेस का? नाही म्हणाली. मग सहज म्हणाली, मी मध्ये झोपतच नाही, तिथं उबदार असतं. मी झोडझोडून गादी सारखी केली, उलटी घातली.

१३ जुलै

उलटी घातली तरी खोलवा वरच. त्याच जागी. झोडताना धूळ उडाली ती कापसाची नव्हती. पांढरी माती होती. खेड्यात घराच्या छतावर, माळवदावर टाकतात तसली. इथं तर सिमेंटची घरं.

१८ जुलै

धम्माच्या केसांत माती. न्हाऊ घातलं, बादलीचं पाणी पांढरं झालं. झोपेत तिला धाप लागते. छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं वाटतं म्हणते. डॉक्टरांनी छाती तपासली, दमा नाही म्हणाले, अभ्यासाचा ताण म्हणाले. पोरगी वाळत चाललीय. मला भीती वाटतेय, हे लिहूनच टाकते.

दुपारी ती झोपली असताना उसवणी घेऊन मधले टाके उसवले. नवा कापूस स्वच्छ होता. त्याच्याखाली जुना, मातीनं घट्ट झालेला. मियाँनी एवढं पिंजूनसुद्धा. हात घातला तर ऊब लागली. पुन्हा शिवून टाकलं.

१९ जुलै

सरजाबाईंना धरून विचारलं. त्या रडल्या नाहीत, काही लपवलंही नाही. सांगितलं ते असं. त्यांची सून आणि दोन नाती एका गादीवर झोपायच्या. थोरली भिंतीकडं, सून कडेला, धाकटी सिंधु मध्ये. पहाटे माळवद खाली आलं. सून आणि थोरली जित्या निघाल्या. मधली निघाली न्हाई. सूनबाई थोरलीला घेऊन नांदेडला माहेरी गेली ती परत फिरकली नाही. ढिगाऱ्यातून गादी निघाली. त्यातला कापूस सरजाबाईंना टाकवेना.

मी म्हटलं, मग माझ्या पोरीखाली का घातला? तर म्हणाल्या, लेकराला एकटं झोपायची सवय न्हाई बाई. लई दिस एकटं पडलं होतं बोचक्यात.

मला बाईंचा गळा धरावासा वाटला. आणि मीच म्हटलं होतं, घरचीच आहे.

२० जुलै

सकाळीच धम्मा क्लासला गेल्यावर गादी फरफटत नेऊन नाल्याकाठी टाकली. हलकं वाटलं. तासाभरात रिक्षा दारात. क्लासमध्ये धम्मा बेंचवरून खाली पडली. दोन पोरींनी धरून आणली. ओठ निळे. तोंडात बोट घातलं तर माती निघाली, ओली, पांढरी. श्वास आत जाईना—

सरजाबाई ओरडल्या, गादी आन. मी धावत गेले. ओढत आणली, तिला वर निजवलं.

श्वास लागला.

२१ जुलै

धम्मा त्या गादीवरून उठत नाही. उठली की गुदमरते. ती भिंतीकडं, आणि एक हात मधल्या खोलव्यावर. कुणाला तरी थोपटल्यासारखा. झोपेतसुद्धा थोपटते.

एसटीडीवरून ह्यांना फोन केला. उद्या येतो म्हणाले. काय झालं विचारलं. काय सांगू—

२२ जुलै, सकाळ

ठरलं. लेकराला कुणीतरी पाहिजे. पाहिजेच असेल तर आई पाहिजे, माझी पोर कशाला. मी निजते तिथं. धम्मा सुटली की ह्यांच्याबरोबर देगलूरला जाईल. डॉक्टर नाही झाली तरी चालेल. जगू दे.

सरजाबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला.

२२ जुलै, दुपार

आडवी झाले. कडेला. फुगलेला कापूस माझ्याखाली सावकाश बसला. मग पाठीमागून एक लहान हात. बांगडी आहे हातात. माझ्या पदराची मूठ धरली.

धम्मानं एकदम मोठा श्वास घेतला. उठून बसली. उभी राहिली. आई, बरं वाटतंय, म्हणाली. गालावर रंग आला. मला रडू आलं, पण तिला दाखवलं नाही. बसस्टँडवर बाबांना आणायला जा म्हणून पिटाळलं. जाताना वळून बघून हसली. परत आत येऊ नकोस, बाबांना एकट्यांना पाठव, असं तीनदा सांगितलं. हो म्हणाली.

मला चालेल आता. जड आहे, पण चालेल. आडवी पडूनच लिहितेय—

श्वास कमी पुरतोय. तोंडाला मातीची चव. हात मोकळा आहे तोवर—

सिंधु झोपत नाहीये. चुळबूळ चाललीय. मी मिळाले तरी—

मागं हात नेऊन पाहिला. भिंतीकडचा खोलवा. कुणी नाही तिथं. आणि गरम आहे. तिनं हात फिरवून जागा साफ करून ठेवलीय—

दोघी लागतात तिला. दोन्हीकडं. मी येऊन अर्धीच—

चपला वाजल्या दारात. ह्यांच्या नाहीत. धम्माच्या. बाबांची गाडी उशिरा आहे म्हणतेय, तोवर तुझ्यापाशी बसते—

ओरडता येत नाही. माती. लिहून दाखवते. धम्मे, आत येऊ नको, बाळा, तिकडून भिंतीकडं जाऊ न